पेलोपोनीज (ग्रीस) ८ रात्रींत, साबा (सासूबाई) आणि लेकीसकट जमेल का?

चाफेकळी_७

नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी ग्रीसला जायचं ठरतंय. सगळे सँटोरिनी सँटोरिनी करतायत पण मला ते पांढऱ्या भिंतीसमोर रांगेत उभं राहून फोटो काढणं नकोय, आणि नवऱ्याला इतिहासाचं वेड आहे, लेकीला (वय ११) फक्त समुद्र पाहिजे, मला डोंगर. तर शोधता शोधता पेलोपोनीज सापडलं, ते ग्रीसच्या नकाशात खाली हाताच्या पंजासारखं दिसतं ते. तिघांचंही समाधान होईल असं वाटतंय. सोबत साबा आहेत, वय ६८, गुडघ्याचा त्रास आहे आणि घाटात गाडी लागते. पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त.

माझा कच्चा प्लॅन असा: अथेन्सला उतरून कोरिंथचा कालवा, मग नाफ्प्लियो, मायसिनी, एपिडॉरस, मग मोनेम्वासिया, मग मानी, मग ऑलिम्पिया, आणि वरून पूल ओलांडून डेल्फी करून अथेन्स. एकूण ८ रात्री. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतंय, म्हणजे बोटाने मोजलं तर वीतभर पण नाही.

प्रश्न: हे जमेल का? बसने होईल की गाडीच घ्यावी? शाकाहारी (साबा अंडं पण नाही) माणसाचं काय होतं तिथे? आणि समुद्राचं पाणी तोवर गार पडतं का? स्पष्ट बोला, राग नाही येणार :)

फिरस्ता_अण्णा

स्पष्ट बोलायला सांगितलंत म्हणून बोलतो, हा प्लॅन फाडून टाका. जमेल हो, तसं सगळंच जमतं, पण ८ दिवस तुम्ही गाडीच्या काचेतून ग्रीस बघाल आणि साबा हातात पिशवी धरून बसतील.

बोटाने मोजू नका, तिथेच सगळे फसतात, मी पण फसलोय. पंजा म्हणालात ना, तर त्या पंजाच्या प्रत्येक बोटात मध्ये डोंगराचं हाड आहे, आणि एका बोटावरून दुसऱ्यावर जायचं तर एकतर परत तळव्यापर्यंत या किंवा डोंगर चढून उतरा. मानीच्या बोटातला टायगेटस डोंगर २४०० मीटरच्या वर जातो, आणि तो समुद्राला इतका खेटून आहे की सकाळी पाण्यात डुंबताना मान वर केली की शिखर दिसतं. दिसायला स्वर्ग. पण स्पार्टाहून कालामाटाला जायचा जो लांगाडाचा घाट आहे, ६० किलोमीटर जेमतेम, त्याला सव्वा ते दीड तास घ्या, आणि गाडी लागणारं माणूस असेल तर अजून थांबे. काही ठिकाणी कडा कोरून रस्ता काढलाय, डोक्यावर दगडाचं छप्पर असल्यासारखं वाटतं.

त्यामुळे दोनच मुक्काम करा. पहिल्या तीन रात्री नाफ्प्लियो, पुढच्या चार रात्री मानीच्या वरच्या भागात कार्दामिली किंवा स्तूपा, शेवटची रात्र अथेन्स. बॅगा दोनदा उघडायच्या, दोनदा भरायच्या. डेल्फी तर या भागात येतच नाही, ते आखाताच्या पलीकडे. रिओचा पूल (२००४ चा, पावणेतीन किलोमीटरच्या वर, बघण्यासारखा आहे हे मान्य) बघायला म्हणून अर्धा दिवस घालवू नका.

मोनेम्वासिया सुंदरच आहे. समुद्रात एक प्रचंड खडक, जमिनीशी जोडणारी एकच वाट, आणि नावाचा अर्थही तोच, एकच प्रवेश. आत गाड्या जात नाहीत, दरवाज्यातून वाकून आत गेलात की अख्खं गाव उभं. पण ते दुसऱ्या बोटाच्या टोकाला आहे, नाफ्प्लियोहून तीनेक तास, आणि तिथून मानीत शिरायला परत तितकेच. ८ रात्रींत एक काहीतरी सोडावंच लागतं आणि मी हे सोडेन.

पाणी गार नसतं. उन्हाळाभर तापलेला समुद्र सप्टेंबरअखेर छान कोमट असतो, उलट जून सुरुवातीपेक्षा बरा.

गोगलगाय

रुमाल टाकून ठेवतेय. आम्हालाही जायचंय पुढच्या वर्षी.

किल्लेवेडी

अण्णांना अनुमोदन, दोनच मुक्काम. मी नाफ्प्लियोबद्दल लिहिते कारण माझा जीव तिथे अडकलाय.

गावावर पालामिडी किल्ला आहे, व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ मध्ये बांधला, आणि गावातून वर जायला पायऱ्या आहेत ज्या ९९९ आहेत असं प्रत्येक हॉटेलवाला सांगतो. माझ्या पुतण्याने मोजल्या, हजाराच्या आसपासही जात नाहीत, पण गुडघ्यांना तेवढ्याच वाटतात. साबांना घेऊन मागच्या बाजूने गाडीने थेट दारापर्यंत जा, रस्ता आहे. नवरा आणि लेक पायऱ्यांनी येऊ देत. सकाळी आठला चढा, दहानंतर दगड तापतो आणि सावली कुठेही नाही.

आता इतिहासवेड्या नवऱ्यासाठी खास. अथेन्सच्या आधी नाफ्प्लियो ही ग्रीसची राजधानी होती, १८३४ पर्यंत. जुन्या गावात संत स्पिरिडॉनचं एक अगदी छोटं चर्च आहे, गल्लीत, नीट बघितलं नाही तर चुकतं. दाराशेजारच्या भिंतीत एक खळगा काचेखाली जपून ठेवलाय. १८३१ मध्ये देशाचा पहिला प्रमुख कापोडिस्ट्रियास सकाळी चर्चला आला तेव्हा दोघांनी त्याला दारातच मारलं, त्या गोळीची ती खूण. मारणारे कोण, तर मानीतल्या मावरोमिखालिस घराण्याचे, त्यांच्या म्होरक्याला कापोडिस्ट्रियासने तुरुंगात टाकलं होतं म्हणून. आणि चार दिवसांनी तुम्ही मानीत आरेओपोलीच्या चौकात जाल तर तिथे त्याच म्होरक्याचा, पेत्रोबेचा, तलवारवाला पुतळा! कारण १८२१ च्या मार्चमध्ये तुर्कांविरुद्ध मानीतल्यांनी तिथूनच शस्त्रं उचलली होती. एका गावात घाव आणि दुसऱ्या गावात पुतळा, हे एका सहलीत बघायला मिळतं म्हणून मला हा मार्ग आवडतो.

मायसिनीला सिंहद्वारापर्यंत चढ आहे पण बरा आहे, त्याच्या वर मात्र खडबडीत. साबा दमल्या तर त्यांना खाली अट्रियसच्या खजिन्यात न्या, रस्त्यालगत आहे आणि चालायला सपाट. खजिना वगैरे नाही, थडगं आहे, मधमाशांच्या पोळ्यासारखा आत निमुळता होत गेलेला घुमट. दारावरचा जो आतला दगड आहे तो १२० टनांच्या आसपासचा, इ.स.पूर्व तेराशे-बाराशेच्या काळात तो कसा चढवला हा विचार करत साबा अर्धा तास तिथे गारव्यात आरामात उभ्या राहतील. मायसिनीत सापडलेला तो प्रसिद्ध सोन्याचा मुखवटा (अगामेम्नॉन राजाचा म्हणतात तो) तिथे शोधू नका, तो अथेन्सच्या म्युझियममध्ये आहे.

एपिडॉरसचं थिएटर ५५ ओळींचं, मधल्या गोल दगडावर उभं राहून कोणीतरी टाळी वाजवत असतंच. नाणं पाडलं तर शेवटच्या ओळीत स्पष्ट ऐकू येतं हे थोडं फुगवून सांगतात, पण बोललेलं येतं, माझ्या नवऱ्याने खालून "आता पुरे कर, भूक लागलीय" म्हटलेलं मला वर बसून नीट ऐकू आलं आणि शेजारच्या जर्मन बाईंनाही, त्यांना अर्थ कळला नाही एवढंच.

चाफेकळी_७

बापरे, किती छान लिहिताय सगळे. डेल्फी काढलं. मोनेम्वासियावर जड अंतःकरणाने फुली. पण ऑलिम्पियावर नवरा अडून बसलाय, म्हणतो ग्रीसला जाऊन ऑलिम्पिया नाही म्हणजे काय.

आणि गाडीचं सांगा ना कोणीतरी. नवरा चालवतो पण उजव्या बाजूने कधीच चालवलेलं नाही.

घाटातला_ड्रायव्हर

गाडीच घ्या. बसेस आहेत, केटेल म्हणतात, अथेन्सच्या किफिसोस स्टँडवरून नाफ्प्लियो, स्पार्टा, कालामाटा सगळीकडे जातात आणि चांगल्या आहेत, पण मानीच्या गावागावात दिवसातून मोजक्याच, साबांना घेऊन रणरणत्या उन्हात फाट्यावर उभं राहायचं का.

उजव्या बाजूचं टेन्शन नको, अर्ध्या तासात हात बसतो. फक्त सकाळी पहिल्यांदा पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर निघताना चूक होते, समोर दुसरी गाडी नसते ना बघून शिकायला, तेव्हा शेजारी बसणाऱ्याने रोज "उजवीकडे" असं ओरडायचं, आमच्याकडे ते खातं बायकोकडे होतं. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक करा, तिथे मॅन्युअलच जास्त. आंतरराष्ट्रीय परमिट घरूनच काढून न्या, आमच्यासमोर एका जोडप्याला काउंटरवरून परत पाठवलं, पैसे भरलेले, बॅगा हातात, आणि परमिट नाही. शून्य एक्सेसवाला विमा (म्हणजे नुकसान झालं तर आपल्या खिशातून काही जात नाही) घ्या आणि गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, छताचा पण. मी छताचा काढला नव्हता. पुढचं विचारू नका.

तिथल्या काही गोष्टी. दोन पदरी हायवेवर पुढचा माणूस गाडी पांढऱ्या रेषेच्या बाहेर उजवीकडे सरकवतो, म्हणजे तुम्ही ओव्हरटेक करा असं म्हणणं असतं, आणि मागचा तुमच्याकडून पण तीच अपेक्षा करतो. समोरून कोणी दिवे मारले तर तो तुम्हाला आधी जा म्हणत नाहीये, "मी येतोय, थांब" म्हणतोय. टोल बरेच लागतात, सुटी युरोची नाणी हाताशी ठेवा. मानीत आरेओपोलीच्या खाली जायच्या आधी टाकी भरून घ्या, पुढे पंप तुरळक आणि रविवारी असला तरी बंद असू शकतो. आणि मॅपवर कधीच "सर्वात कमी अंतर" बघून जाऊ नका. त्याने आम्हाला ऑलिव्हच्या बागेतून अशा वाटेने नेलं की शेवटी समोर बकऱ्यांचा कळप, मागे वळायला जागा नाही, आणि मेंढपाळ आजोबा काठी टेकून आमच्याकडे अशा नजरेने बघतायत की असे आठवड्यातून दोन तरी येतातच. त्यांनीच मग हाताने खुणा करून गाडी मागे घ्यायला लावली, दोनशे मीटर, एक एक चाक.

साबांच्या गाडी लागण्याचं: लांगाडा टाळा. नाफ्प्लियोहून त्रिपोलीमार्गे मोटरवेने सरळ कालामाटा, रस्ता गुळगुळीत. पण मग मिस्त्रास हुकतं.

किल्लेवेडी

मिस्त्रास हुकवू नका हो! मोटरवेनेच स्पार्टाला जा, मिस्त्रास बघा, आणि मोटरवेनेच कालामाटाला या, वळसा पडेल पण पोटात काही हलणार नाही. अख्खा डोंगरउतार भरून बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातलं) शहर, चर्च, महाल, वर १२४९ चा किल्ला, आणि शेवटचा बायझंटाइन सम्राट १४४९ मध्ये इथेच गादीवर बसला. दोन दरवाजे आहेत, गाडी वरच्या दाराला लावा आणि तिथून थोडंसंच बघा, साबांसाठी खालच्या गावात चौकात झाडाखाली कॉफी. आतले दगड गुळगुळीत झालेत, चपला चालणार नाहीत.

आणि स्पार्टा शहरात काहीतरी भव्य दिसेल म्हणून थांबू नका. प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने तेव्हाच लिहून ठेवलंय की हे शहर ओस पडलं तर पुढच्या लोकांना याची ताकद खरी वाटणार नाही. अडीच हजार वर्षांनी शब्दन्शब्द खरं.

फिरस्ता_अण्णा

ऑलिम्पियाबद्दल. नवरोजींना सांगा प्राचीन मेसिनी. कालामाटापासून पाऊण तास, गर्दी नाही, आणि स्टेडियम इतकं शाबूत की दगडी बाकांवर बसता येतं. थीब्सचा सेनापती एपामिनोन्डास याने इ.स.पूर्व ३६९ मध्ये स्पार्टाच्या नाकावर टिच्चून वसवलेलं शहर, ज्यांना स्पार्टाने पिढ्यानपिढ्या गुलाम करून राबवलं त्या लोकांसाठी. नऊ किलोमीटरची तटबंदी, तिचा आर्केडियन दरवाजा आजही उभा, डांबरी रस्ता त्याच्यातून जातो.

वाळूतली_पावलं

अण्णा, असहमत. मेसिनी सुंदर आहे पण ११ वर्षांच्या पोरीला ऑलिम्पियाच्या मैदानात धावायचं असतं. सुरुवातीच्या रेषेचे दगड अजून तिथेच आहेत, त्यावर पायाची बोटं टेकवून १९२ मीटर पळायचं, माझा मुलगा तीनदा पळाला आणि म्युझियममध्ये एक शब्द न बोलता बसला. कालामाटाकडून दोन तास, कार्दामिलीवरून तीन धरा. एक दिवस पहाटे निघून होतं.

फिरस्ता_अण्णा

जाऊन येऊन सहा तास गाडीत, तीनदा पळायला. असो, पोरगी तुमची, पेट्रोल तुमचं :)

खवय्यी_नंबर_१

खाण्याचं मी सांगते. साबा उपाशी राहणार नाहीत, उलट वजन वाढवून येतील. दोन शब्द पाठ करून जा: लाडेरा आणि निस्तीसिमा. लाडेरा म्हणजे भरपूर ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या भाज्या. निस्तीसिमा म्हणजे उपासाचं. त्यांच्या धर्मात उपासाला मांस, अंडं, दूध बंद, त्यामुळे खानावळीत "निस्तीसिमा काय आहे" विचारलं की मालकीणबाई आत नेऊन पातेलीच उघडून दाखवतात. फक्त कोळंबी, कालवं, माकूळ त्यांच्या उपासाला चालतात, ते तेवढं आधी सांगा.

फावा मागवा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणा, वर कच्चा कांदा आणि तेल. साबा म्हणतील भात कुठाय. यिगांतेस म्हणजे मोठे वाल टोमॅटोत शिजवलेले. येमिस्ता म्हणजे भरली मिरची-टोमॅटो, आत बहुतेकदा भात असतो पण कधी खिमा, विचारून घ्या. होर्ता म्हणजे डोंगरावरचा रानपाला उकडून लिंबू पिळलेला. मानीत लालांगिया मिळतात, कणकेच्या लांब वळ्या तेलात तळलेल्या, कडबोळ्यांच्या लांबच्या बहिणी. आणि मानीतच सावध राहायचं ते सिग्लिनोपासून, ते धुरावलेलं डुकराचं मांस आहे आणि तिथे ते सॅलडमध्ये, ऑमलेटमध्ये कशातही बारीक चिरून टाकतात. ब्रेड न मागता येतो आणि बिलात लागतो, भांडू नका, तशीच पद्धत आहे.

बादवे, एक गंमत. ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो. मी बाजारात एका आजींना बोट दाखवून विचारलं हे ऑलिव्ह कडू आहेत का, त्या म्हणाल्या "ने, ने", आणि मी मराठी बाई, मी आपलं उचलून पिशवीत टाकायला लागले. आणि नाही म्हणायचं असलं की भुवया वर करून "च्यक्" करतात, अगदी आपल्यासारखं. त्यामुळे साबांना तिथली अर्धी भाषा आधीच येते.

चाफेकळी_७

"ने, ने" वाचून साबा पोट धरून हसल्या, मोठ्याने वाचून दाखवलं सगळ्यांना.

आता मानीतले समुद्रकिनारे सांगा, म्हणजे लेकीला दाखवायला काहीतरी.

वाळूतली_पावलं

लेकीसाठी स्तूपा. वाळू आहे, उथळ आहे, आणि गंमत म्हणजे समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे वर येतात, कोमट पाण्यात पोहताना अचानक पोटाला बर्फासारखा पट्टा लागतो, मुलं ते शोधत फिरतात. कार्दामिलीचा किनारा गोट्यांचा, पाण्यात घालायचे बूट घ्या नाहीतर नाचत नाचत आत जाल. एक दिवस व्होइडोकिलियासाठी ठेवा, पिलोसजवळ, कालामाटावरून सव्वा तास. नकाशात बघा, कंपासने वर्तुळ काढल्यासारखी वाळू, मागे खारं सरोवर, ते राखीव असल्यामुळे किनाऱ्यावर छत्री, टपरी, काहीही नाही. पाणी, खाऊ, टोपी सगळं बरोबर. दुपारी सावलीला जागा नसते म्हणून सकाळी जा.

फिरस्ता_अण्णा

आणि एक दिवस खालची मानी. नाव बघा, मानी, आणि माणसंही तशीच होती, शेजाऱ्याशी पिढीजात वैर, म्हणून घर नाही बांधायचं, बुरूज बांधायचा. व्हाथिया गावात टेकडीवर नुसते दगडी बुरूज दाटीवाटीने उभे आहेत, बहुतेक रिकामे, वारा असला की आतून घूं घूं आवाज येतो. तिथून पुढे टेनारोचं टोक, ग्रीसच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक, जुन्या लोकांच्या मते पाताळात उतरायची वाट. दीपगृहापर्यंत पाऊणेक तासाची पायवाट, दगडधोंड्यांची. साबा नकोत तिथे. त्या तोवर गाडी लावतो तिथल्या खानावळीत बसतील.

दिरोसची गुहा वाटेत आहे, होडीतून नेतात, छत इतकं खाली येतं की मान वाकवावी लागते. गुडघ्याचं म्हणाल तर होडी खाली असते, उतरून बसावं लागतं आणि शेवटी थोडं चालणं, थोड्या पायऱ्या. आधी तिकिटाच्या खिडकीवर विचारून बघा. जेवायला लिमेनीला थांबा, निळंहिरवं पाणी टेबलाच्या पायाशी, कधीकधी कासव येतं.

चाफेकळी_७

ठरलं. तीन रात्री नाफ्प्लियो, वाटेत मिस्त्रास (मोटरवेने!), चार रात्री स्तूपा, शेवटची अथेन्स. एक दिवस खालची मानी, एक व्होइडोकिलिया, आणि ऑलिम्पिया की मेसिनी यावर घरात मतदान झालं, दोन विरुद्ध दोन. साबांचं मत मेसिनीला, कारण पाऊण तास.

एकच शेवटचं, दुपारी काय करायचं? कुठेतरी वाचलं की सगळं बंद असतं.

खवय्यी_नंबर_१

झोपायचं. दोन ते पाच गावात चिटपाखरू नसतं, दुकानाचं शटर खाली, मांजरं पण आडवी. साबांना फार आवडेल.